फियाटची किंमत इंजिनात नसते

परतूरकडच्या एका गावातला जुना वाडा. ओसरीच्या कडेला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, त्यांच्या आड ताडपत्री आणि ताडपत्रीखाली १९८४ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडं तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. गाडी वारलेल्या डॉक्टरांची, दाखवायला त्यांचा पुतण्या. ताडपत्री ओढली तसं आतून एक मांजर निघालं आणि आमच्याकडं रागानं बघत भिंतीवर चढलं.

"दीड लाखाच्या खाली नाही द्यायची, काका. मोबाईलवर बघा की, अडीच-अडीच लाखाला लागल्यात."

मी इंजिन बघितलं नाही. रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक काढला, एका जुन्या स्पीकरमधून काढलेला आहे तो, आणि बोनेटवर ठेवला. चिकटला. दरवाजावर चिकटला. मागच्या चाकाच्या कमानीवर अर्धवट धरला. दरवाजाखाली जी लांब पट्टी असते, जिला पत्रेवाले 'सिल' म्हणतात, तिथं लावला तर खाली मातीत पडला. म्हणजे तिथं पत्रा नव्हता, लांबी होती, खड्डे बुजवायची पुट्टी. लांबी भरून वरून रंग मारलेला. त्या एका जागेवर गाडीची किंमत पाऊण लाखानं तरी उतरली.

पुतण्याचा काही दोष नाही. त्यानं मोबाईलवर बघितला तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. चार वर्षांची स्विफ्ट विकायची तर तिचा भाव ठरलेला असतो, कारण तशा गाड्यांचे सौदे रोज होतात. फियाटचं तसं नाही. सौदे थोडे, आणि एका गाडीसारखी दुसरी गाडी नाही. अमेरिकेत जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारे लोक भावाची पुस्तकं काढतात, त्यात प्रत्येक मॉडेलची अवस्था एक ते चार आकड्यांत लावलेली असते आणि आकडा बदलला की भाव बदलतो. आपल्याकडं ते पुस्तक नाही, पण ती पद्धत उचलता येते. मी गाड्या चार वर्गांत टाकतो: प्रदर्शनात उभी करायची, घरच्यांना घेऊन पैठणला जाऊन यायची, चालती पण दुखणी लपवलेली, आणि ताडपत्रीखालची. पहिल्या आणि चौथ्या वर्गात एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन फियाट असू शकतात आणि त्यांच्या भावात सहा-सात पटींचा फरक पडू शकतो.

गाडीची थोडी ओळख करून देतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. आधीची गुबगुबीत, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती 'डुक्कर फियाट'. मग १९६४ला ११०० डिलाइट आली आणि तीच पुढं १९७०च्या दशकात पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. २०००च्या सुमारास ती बंद पडली. तिची जोडीदार अँबॅसडर बंगालातल्या उत्तरपाड्याला बनायची, ती २०१४पर्यंत तगली. आमच्या भागात विभागणी सरळ होती: अँबॅसडर पुढाऱ्याची आणि कलेक्टरची, फियाट डॉक्टरची आणि वकिलाची. कॉन्टेसा एखाद्या कारखान्याच्या चेअरमनकडं.

आज मागणीही साधारण त्याच आठवणींच्या मागं जाते. डुक्कर फियाट सगळ्यांत वर, त्याखाली साठच्या दशकातली डिलाइट, मग सुरुवातीची पद्मिनी. शेवटच्या काळातल्या गाड्या आणि १३६६ सीसीची डिझेल यांना ओढ कमी. तीन अक्षरी जुना नंबर असेल, म्हणजे एमएच सुरू व्हायच्या आधीचा, तर लोक खुशीनं चार पैसे जास्त देतात. पण ही सगळी वरची साय. दूध खाली आहे, आणि ते म्हणजे पत्रा आणि कागद.

आधी पत्रा. ट्रकला खाली वेगळी चासी असते आणि वर केबिन बसवलेली असते. फियाटला वेगळी चासीच नाही. पत्र्याची ती पेटी म्हणजेच गाडीचा सांगाडा. त्यामुळं सिल कुजली की गाडी नुसती कुरूप होत नाही, ती मधून वाकायला लागते. दार उघडलं आणि बंद करताना वर उचलावं लागलं, तर बिजागरी खराब असेल किंवा गाडी खचली असेल. दुसरं असेल तर हात जोडून परत या.

इथं मराठवाड्याचा एक फायदा आहे. मुंबईची गाडी समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात वाढलेली असते, तिचा खालचा पत्रा पापडासारखा झालेला असतो. आपल्याकडं हवा कोरडी. जालना, परभणी, लातूरकडची गाडी आयुष्यभर इथंच राहिली असेल तर तळ बहुतेक शाबूत सापडतो. परतूरची गाडी अपवाद निघाली, कारण ओसरीचं पन्हाळ बरोबर तिच्या डाव्या बाजूला गळत होतं. पण जे ऊन पत्रा वाचवतं तेच बाकीचं खातं. दारांची रबरं दगडासारखी होतात, डॅशबोर्ड तडकतो, सीटच्या रेक्झिनची पापडं निघतात. आणि उंदीर. वाड्यात दोन वर्षं उभ्या असलेल्या गाडीची वायरिंग शाबूत असेल, असं धरून चालूच नका.

इंजिनाला मी शेवटी हात घालतो, कारण तेच सगळ्यांत स्वस्तात सुटतं. चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर. जुना मिस्त्री ते आवाजावरून ओळखतो. बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम हे सगळं माहितीतलं आहे. सुटे भाग आजवर मिळत आले ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या पुण्याईनं. हजारो काळ्या-पिवळ्या फियाट रोज धावत होत्या, म्हणून कुणीतरी त्यांचे क्लच प्लेट आणि वॉटर पंप बनवत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये रजिस्टर झाली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईक गेलं की माल बनवणाराही हळूहळू हात काढून घेतो. अजून इंजिनाचं सामान मिळतं, पण काचेभोवतीची बीडिंग, मागच्या दिव्याची अस्सल काच, बंपरची क्रोम केलेली टोकं, डॅशबोर्डची बटणं यांच्यासाठी महिनोन्महिने फोन करावे लागतात. म्हणून गाडी बघताना 'इंजिन बंद आहे' ऐकून घाबरू नका, 'पुढची ग्रिल हरवली' ऐकून घाबरा.

इंजिनाची आपल्याकडची तीन खास दुखणी मात्र माहीत हवीत. एक बोअरवेलचं पाणी. आमच्या पाण्यात क्षार किती, हे घरातल्या गिझरला विचारा. वर्षानुवर्षं तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आत नळ्यांना पांढरा थर बसतो आणि मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जातो. शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट घाला, खर्च किरकोळ आहे.

दुसरं दुखणं उन्हाचंच. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो. पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. गाडी मांजरसुंब्याच्या घाटात आचके देत थांबते. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकून विडी पेटवायचे, विडी संपेपर्यंत गाडी चालू. फडका अजून चालतो.

तिसरं नवं आहे आणि त्यात आपलाच हात आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही होतं, म्हणजे लातूर-धाराशिवच्या उसाचा अंश गाडीच्या टाकीत जातो. शेतकरी म्हणून आनंद आहे, फियाटवाला म्हणून नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवतं, हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि त्याच्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, म्हणून ॲव्हरेजही उतरतं. गाडी दोन महिने न हलवता उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा. उपाय: नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणारे बसवा आणि गाडी दर आठवड्याला दहा किलोमीटर तरी फिरवा. याच्याच शेजारची जुनी गोष्ट म्हणजे शिसं. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखं जपायचं. फेब्रुवारी २०००पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हेड उतरवलंच आहे तर कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट घालून घ्या, पुन्हा मजुरी नको.

आता कागद. इथं मी स्वतः पोळलोय. माझी पहिली फियाट मी एका ओळखीच्या दलालाकडून घेतली. चकचकीत गाडी, गोड आवाज. पुन्हा पासिंगला नेली तर साहेबांनी बोनेट उघडायला लावलं, इंजिनावरचा नंबर वाचला, आरसी बुकात बघितला आणि बुक मिटून माझ्या हातात दिलं. इंजिन कधीतरी बदललेलं होतं, नोंद कुणी केलीच नव्हती. त्या इंजिनाची खरेदीची पावती शोधण्यात माझे आठ महिने गेले. दलाल तोवर फोन उचलायचा बंद झाला होता. म्हणून सांगतो, विसार द्यायच्या आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, मोबाईलवर फोटो काढा. फियाटमध्ये डिझेल इंजिन टाकायची एक लाट होती. नोंद नसेल तर तसली गाडी फुकटही महाग.

'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात' हे गावोगाव ऐकू येतं. दिल्लीच्या बातम्या ऐकून ते पसरलं. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि गाडी तपासणीत पास झाली तर पुढं दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. फक्त फी वाढली. १५ वर्षांवरच्या मोटारीला ५,००० रुपये पडायचे, ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीला १०,००० झाले. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये वर. शिवाय पर्यावरण कर, पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचे ३,००० आणि डिझेलला ३,५००. आणि एकदाच लागणारी नवी सुरक्षित नंबरप्लेट, ७४५ रुपये अधिक जीएसटी. यातला एकही आकडा माणसाला बुडवणारा नाही. बुडवतो तो साचलेला उशीर. वीस वर्षं नूतनीकरण न केलेली गाडी घेताना एकूण किती निघतात, हे आरटीओत विचारूनच भाव बोला.

पण मराठवाड्यातल्या जुन्या गाड्यांचा सगळ्यांत मोठा आजार वेगळाच आहे. गाडी आजोबांच्या नावावर. आजोबा वारले, सातबारावर वारस लागले, आरसी बुकावर कुणी लावलेच नाहीत. मालक वारल्यावर वारसांनी फॉर्म ३१ भरून गाडी आधी एकाच्या नावावर करायची, मग त्यानं फॉर्म २९ आणि ३०वर ती विकायची. मधली पायरी वगळून 'सह्या करून देतो की' म्हणणारा पुतण्या कितीही गोड असला तरी त्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही. बाकीच्या भावंडांची संमती लागते, आणि वाड्याच्या वाटणीवरून अबोला असेल तर फियाट त्या अबोल्यात अडकते.

उदगीर-देगलूरकडच्यांना बिदर, निजामाबाद, हैदराबादच्या गाड्या जवळ पडतात आणि स्वस्तही दिसतात. तिथली एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी धरून मग स्वस्त वाटते का बघा.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ला 'व्हिंटेज'चे वेगळे नियम आले. १९७४ला रजिस्टर झालेली पद्मिनी २०२४पासून त्या वयात बसते, अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ती दहा वर्षं चालते. जुना नंबर असलेल्या गाडीला तोच ठेवता येतो. थर्ड पार्टी विमाही निम्म्या दरात. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही: रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. सासुरवाडीला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

विमा आला म्हणून एक गंमत. थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या किमतीवर ठरत नाही, इंजिनाच्या सीसीवर ठरतो. हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये, दीड हजाराच्या वर ७,८९७, दोन्हींवर जीएसटी वेगळा. म्हणजे १४८९ सीसीची जुनी अँबॅसडर फियाटच्याच रांगेत, आणि तीच दिसायला सारखी पण इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन असलेली अँबॅसडर दुपटीच्या वर! ती चालवायला कितीतरी सुखाची आहे, हप्ता भरताना तेवढं आठवावं. पूर्ण विमा काढायचा तर विमा कंपनी पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत तक्त्यानं लावत नाही, दोघांच्या संमतीनं ठरते. फोटो, बिलं, मूल्यांकनाचा कागद पुढं ठेवून आकडा लिहून घ्या. नाहीतर तीन लाखांची गाडी कागदावर चाळीस हजारांची लागते आणि अपघातानंतर कळतं.

वर्षाचा खर्च मांडू. फियाटचा थर्ड पार्टी हप्ता जीएसटीसह साधारण ४,०३१. नोंदणीचे दहा हजार पाच वर्षांत वाटले तर २,०००, पर्यावरण कराचे ६००, दर सहा महिन्यांची पीयूसी. गाडी जागची हलली नाही तरी सात हजारांच्या आसपास गेले. वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरवली, ॲव्हरेज अकरा धरलं आणि पेट्रोल १०५, तर एकोणीस हजार. परभणीकरांनी थोडं जास्तच धरावं, मनमाडच्या डेपोतून टँकर येईतो भाडं चढतं आणि राज्यातलं सगळ्यांत महाग पेट्रोल भरल्याची बातमी बहुधा तिथूनच येते. ऑइल, प्लग, पॉइंट, ब्रेकचं काम यांना दहा-पंधरा हजार. बॅटरी तीन-चार वर्षांनी. टायर झिजून नव्हे, वयानं जातात. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '२३१२' दिसलं तर नक्षी कितीही ताजी असो, ते २०१२च्या तेविसाव्या आठवड्यातलं रबर आहे. हे सगळं चाळीस हजारांच्या आसपास बसतं. बसत नाही ते अडकलेल्या पैशाचं व्याज. तीन लाख गाडीत घातले आणि ठेवीवर सात टक्के धरले तर वर्षाला एकवीस हजार गाडी न बोलता खाते. म्हणून 'भाव वाढतोय, गुंतवणूक म्हणून घेतो' म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो आणि गाडी दाखवत नाही.

आता परतूरच्या गाडीचा हिशोब, जसा मी तिथंच ओसरीवर बसून पाकिटाच्या मागं केला तसा. आकडे माझ्या अनुभवाचे, तुमच्या गावात इकडं-तिकडं होतील. अशी गाडी नीट तयार होऊन, कागद स्वच्छ असून पुण्यात उभी केली तर तीन लाखांना जाईल असं धरलं. त्यातून पत्रा आणि रंग एक लाख दहा हजार. इंजिन तीस. सीट, छताचं कापड, रबरं पंचवीस. टायर-बॅटरी पंचवीस. कागद वीस. आणि जे अजून दिसलेलंच नाही त्याचे पंचवीस, ही रक्कम कधी उरत नाही. बेरीज दोन लाख पस्तीस. उरले पासष्ट हजार. तळाचा भावही माहीत असावा: नऊशे किलोच्या आतबाहेर वजन, किलोला तीस रुपये धरले तर सत्तावीस हजार. आमच्या जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत, तिथं कुणालाही डॉक्टरांची आठवण येत नाही. गाडीची किंमत त्या सत्तावीस आणि पासष्टच्या मधे कुठंतरी.

मी पासष्ट म्हणालो. पुतण्या हसला. "पासष्टात तर मोटारसायकल येत नाही, काका. पायजे तर घ्या, नसता ऱ्हाऊ द्या." मी चुंबक पुन्हा सिलला लावून दाखवला, पुन्हा तो मातीत पडला. मग त्यानं स्वतः लावून बघितला. आतून त्याची काकू चहा घेऊन आली, म्हणाली, "डॉक्टर असते तर पन्हाळ कवाच नीट केलं असतं."

सत्तरवर तुटलं. पाच हजार विसार दिला आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं, बाकीचे वारसांची नोंद झाल्यावर. तीन भावांपैकी दोघांच्या सह्या त्याच आठवड्यात झाल्या. तिसरे पुण्याला असतात, त्यांना गाडी विकायचीच नाहीये असं आता कळतंय. पन्हाळ मात्र पुतण्यानं बदललं.